सुपीरियर राष्ट्रीय वनातील पक्षिनिरीक्षण: नवोदितांसाठी मार्गदर्शन

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात, डुलुथ शहराच्या उत्तरेला व ईशान्येला, सुपीरियर सरोवराच्या काठापासून कॅनडाच्या सीमेपर्यंत सुपीरियर नॅशनल फॉरेस्ट पसरलेले आहे. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०९ साली त्याची स्थापना केली आणि आज त्याचे क्षेत्र तीस लाख एकरांहून अधिक आहे. मिनियापोलिस आणि सेंट पॉलच्या परिसरात नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हे अरण्य मोटारीने चार ते पाच तासांवर आहे. तरीही बहुतेकांची सहल डुलुथचा उचलपूल आणि किनाऱ्यावरचे धबधबे पाहूनच आटोपते. ज्यांना त्यापुढे जाऊन पक्षी पाहायचे आहेत, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

एक अपेक्षा आधीच दुरुस्त करून घ्यावी. भिगवणच्या पाणथळीवर हिवाळ्यात एका नजरेत हजारो पक्षी दिसतात; उत्तरेच्या या सूचिपर्णी वनात तसे काहीही होत नाही. येथे अर्धा तास चालूनही एखादा पक्षी दिसणार नाही आणि मग एका वळणावर दहा मिनिटांत आठ जाती भेटतील. हा योगायोग नसतो, कारण त्या वळणावर झाडे बदललेली असतात. या वनात पक्षी शोधू पाहणाऱ्याने आधी झाडे पाहायला शिकावे, हे या लेखाचे मुख्य सांगणे आहे.

पहिली पायरी: हे वन कोणाचे, हे समजून घेणे

राष्ट्रीय वन आणि राष्ट्रीय उद्यान या अमेरिकेत दोन वेगळ्या व्यवस्था आहेत. राष्ट्रीय वने कृषी खात्याच्या अखत्यारीतील वनसेवेकडे असतात आणि तेथे लाकूडतोड, शिकार, मासेमारी आणि भटकंती या सर्वांना नियमांच्या चौकटीत मुभा असते. ताडोबाला जाताना प्रवेशद्वार, ठरलेली वेळ, परवानाधारक जिप्सी आणि वाटाड्या यांची जी सवय आपल्याला असते, तिचा येथे उपयोग नाही. वनाला फाटक नाही, सर्वसाधारण प्रवेशशुल्क नाही आणि पहाटे चार वाजता वनरस्त्यावर उभे राहिल्यास हटकणारेही कोणी नाही. या मोकळीकीबरोबर जबाबदारी संपूर्णपणे आपल्यावर येते, कारण चुकलेल्या माणसाला शोधायला संध्याकाळी कोणी गस्त घालत नाही.

वनाच्या हद्दीत राज्याची, काउंटीची आणि खासगी मालकीची जमीनही मिसळलेली आहे. त्यामुळे वनसेवेचा मोटारवाहन नकाशा घ्यावा. तो विनामूल्य मिळतो आणि कोणत्या वनरस्त्यावर कोणते वाहन न्यायची परवानगी आहे हे त्यावरून कळते. हा सारा प्रदेश १८५४ च्या कराराने ओजिब्वे लोकांनी सोडलेल्या भूमीत येतो आणि ग्रँड पोर्टेज, फाँ द्यू लाक व बॉइस फोर्ट या समुदायांचे शिकार, मासेमारी व वनोपज गोळा करण्याचे हक्क येथे आजही कायम आहेत. उथळ तळ्यात कोणी जंगली भात काढताना दिसल्यास तेथे कॅमेरा रोखून उभे राहू नये.

वनाच्या उत्तर भागातील दहा लाख एकरांहून मोठे क्षेत्र 'बाउंड्री वॉटर्स' या नावाने ओळखले जाते आणि तेथील नियम अधिक कडक आहेत. १ मे ते ३० सप्टेंबर या काळात तेथे मुक्काम करायचा असेल, तर ठरावीक कोट्यातील परवाना आगाऊ घ्यावा लागतो. एका गटात नऊपेक्षा अधिक माणसे आणि चारपेक्षा अधिक नावा चालत नाहीत. खाद्यपदार्थांचे डबाबंद टिन आणि काचेच्या बाटल्या नेता येत नाहीत. वल्ह्यांनी किंवा पायी एका दिवसापुरते जायचे असल्यास प्रवेशस्थानी ठेवलेला अर्ज स्वतः भरून परवाना घेता येतो. माझे मत असे की, पहिल्या सहलीला बाउंड्री वॉटर्सचा मुक्काम करूच नये. नाव डोक्यावर घेऊन एका तळ्यावरून दुसऱ्यावर जाण्यात नवख्याची सारी शक्ती खर्च होते आणि पक्षी पाहणे बाजूला राहते. बाहेरच्या वनरस्त्यांवर तेच पक्षी कमी कष्टात दिसतात.

दुसरी पायरी: हंगाम निवडणे

मेचा शेवटचा आठवडा ते जुलैचा पहिला आठवडा हा गाणाऱ्या पक्ष्यांचा काळ. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतून आलेले वॉर्बलर हे चिमुकले गाणारे पक्षी या काळात विणीच्या हद्दी राखत असतात आणि नर पहाटेपासून अखंड गातात. जुलैच्या मध्यानंतर पक्षी तेथेच असतात, पण गाणे थांबते. पानांच्या गर्दीत न गाणारा दहा ग्रॅमचा पक्षी शोधणे हे नवोदिताच्या आवाक्याबाहेरचे काम आहे. डास आणि काळ्या माश्यांचा जोरही जूनमध्येच सर्वाधिक असतो. त्याला पर्याय नाही.

सप्टेंबरमध्ये डास ओसरतात, मेपल लाल होऊ लागतात आणि स्थलांतर सुरू होते. शिकारी पक्ष्यांना सुपीरियर सरोवराचे विस्तीर्ण पाणी ओलांडणे नकोसे असते, म्हणून ते काठाकाठाने नैर्ऋत्येला सरकत डुलुथच्या डोक्यावर एकवटतात. तेथील हॉक रिज या टेकडीवर सप्टेंबरच्या मध्यास उत्तरेचा वारा सुटला, की ब्रॉड-विंग्ड हॉकचे थवे आकाशात चक्राकार चढताना दिसतात. २००३ च्या सप्टेंबरमध्ये एकाच दिवसात तेथे एक लाखाहून अधिक पक्षी मोजले गेले होते. ही टेकडी वनाच्या हद्दीबाहेर असली, तरी शरद ऋतूत वनाकडे जाताना वाटेत तेथे दोन तास थांबणे योग्य.

सप्टेंबरच्या मध्यापासून ग्राउज या रानकोंबडीसारख्या पक्ष्याच्या आणि नोव्हेंबरमध्ये हरणांच्या शिकारीचा हंगाम असतो. या काळात भडक नारिंगी जाकीट आणि टोपी घातल्याशिवाय झाडीत पाऊल टाकू नये. लहान मुले बरोबर असल्यास हरणांच्या शिकारीचे दिवस टाळलेलेच बरे.

तिसरी पायरी: मुक्कामाची जागा ठरवणे

पश्चिमेकडे ईली, सरोवराच्या काठावर टोफ्टी आणि ग्रँड मरे, ही मुक्कामाची सोयीची गावे आहेत. वनसेवेची कार्यालये तिन्ही ठिकाणी आहेत. बंद रस्ते, शेकोटीवरील बंदी आणि अस्वलांचा वावर यांची ताजी माहिती तेथेच मिळते, म्हणून वनात शिरण्यापूर्वी तेथे दहा मिनिटे द्यावीत.

पक्षी हाच मुख्य हेतू असेल, तर मी इझाबेला या लहानशा वस्तीच्या आसपासचा टापू सुचवीन. टू हार्बर्सहून उत्तरेला जाणारा लेक काउंटीचा २ क्रमांकाचा रस्ता आणि त्याला मिळणारा राज्य महामार्ग १ हे दोन्ही काळ्या स्प्रूस या सूचिपर्णी झाडांच्या दलदलीतून जातात. उत्तरेचे खास पक्षी रस्त्याच्या कडेलाच भेटतात. ग्रँड मरेहून आत जाणारा ५७ मैलांचा गनफ्लिंट मार्गही चांगला आहे. तंबू लावायचा असेल, तर आरक्षित जागांपासून विनामूल्य साध्या जागांपर्यंत सर्व प्रकार उपलब्ध आहेत. जळाऊ लाकूड मात्र घरून आणू नये, स्थानिकच विकत घ्यावे, कारण झाडे मारणारे किडे लाकडातूनच पसरतात.

चौथी पायरी: झाडांवरून पक्षी ओळखणे

या वनातील अधिवास ढोबळपणे पाच प्रकारांत ओळखता येतात. पहिल्या दिवशी दुर्बीण गळ्यातच राहू द्यावी आणि मोटारीतून जाताना आता आपण कोणत्या प्रकारात आहोत, एवढेच एकमेकांना सांगत राहावे.

पहिला प्रकार काळ्या स्प्रूसची दलदल. झाडे सडपातळ, बुटकी, खालच्या फांद्या वाळलेल्या आणि शेंड्याला हिरवा झुबका. पायाखाली स्फॅग्नम शेवाळाचा ओला, दबणारा थर. शंभर वर्षांचे झाडही येथे मनगटाएवढे असू शकते. बरोबरीने टॅमरॅक असतो, ज्याच्या सुया शरद ऋतूत पिवळ्या होऊन गळतात. येथे कॅनडा जे भेटतो: करडा, मऊ पिसांचा, माणसाला न घाबरणारा. तो चिकट लाळेने अन्नाचे गोळे करून झाडांच्या सालीत साठवतो आणि त्या साठ्याच्या भरवशावर हिवाळा संपण्यापूर्वी, बर्फ असतानाच घरटे बांधतो. बोरिअल चिकडी हा तपकिरी टोपीचा छोटा पक्षीही येथलाच. काळ्या टोपीची चिकडी सर्वत्र दिसते आणि स्वच्छ, खणखणीत बोलते, तर बोरिअल चिकडीचा आवाज नाकातून आल्यासारखा, बसलेला असतो. हा फरक एकदा कानात बसला, की पक्षी न पाहताही ओळख पटते. स्प्रूस ग्राउज हिवाळ्यात सूचिपर्णी झाडांच्या सुया खाऊन राहतो. तो पहाटे रस्त्याच्या कडेला खडे टिपायला येतो आणि माणूस जवळ आला तरी बहुधा उडत नाही, म्हणून मोटार दूर थांबवून आतूनच पाहावे.

दुसरा प्रकार जळलेले वन, आणि नवोदित नेमका हाच टाळतो. २०११ च्या पगामी क्रीक वणव्यात नव्वद हजार एकरांहून अधिक, तर २०२१ च्या ग्रीनवुड वणव्यात इझाबेलाच्या बाजूला सुमारे सत्तावीस हजार एकर क्षेत्र जळाले. वणव्यानंतर उभ्या, करपलेल्या खोडांत लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांच्या अळ्या वाढतात आणि त्यांच्या मागे ब्लॅक-बॅक्ड वुडपेकर हा सुतार पक्षी येतो. त्याची पाठ कोळशासारखी काळी असते, नराच्या डोक्यावर पिवळा ठिपका असतो आणि पायाला चार नव्हे, तीनच बोटे असतात. जळक्या खोडाची साल ताजी सोललेली, आतील लाकूड तांबूस, आणि बुंध्याशी सालीचे तुकडे पडलेले दिसले, की तेथे थांबून कान द्यावा. वणव्यानंतरची पहिली काही वर्षे हा पक्षी तेथे भरपूर असतो. अळ्या संपल्या, की तो नवी जळकी जागा शोधतो. म्हणून जुन्या माहितीवर विसंबण्याऐवजी अलीकडे कोठे वणवा लागला होता, हे वनकार्यालयात विचारावे. वारा असताना मात्र अशा खोडांखाली उभे राहू नये, ती कोणत्याही क्षणी कोसळू शकतात.

तिसरा प्रकार सरोवराला समांतर जाणाऱ्या डोंगरधारेवरील शुगर मेपलचा. टोफ्टीजवळच्या ओबर्ग डोंगराची वर्तुळाकार वाट सोपी आहे आणि ब्लॅक-थ्रोटेड ब्लू वॉर्बलर हा निळ्या पाठीचा, काळ्या गळ्याचा पक्षी पाहण्यासाठी राज्यातील ही उत्तम जागांपैकी एक आहे. चढत्या आवाजात एकच शब्द पुन्हा पुन्हा घोकल्यासारखे गाणे आले, तर तो ओव्हनबर्ड.

चौथा प्रकार तोडीनंतर उगवलेल्या कोवळ्या ॲस्पेनचा आणि आल्डरच्या झुडपांचा. दिसायला रुक्ष, पण गोल्डन-विंग्ड वॉर्बलरसारखा दुर्मीळ होत चाललेला पक्षी अशाच जागी वीण करतो, आणि जगातील त्याच्या विणीच्या जोड्यांपैकी सुमारे निम्म्या मिनेसोटात आहेत. वसंतात येथून खोल, धपधप असा, हळू सुरू होऊन वेग घेणारा आवाज येतो. लांब कोठेतरी जनित्र सुरू होत असावे असे वाटते, पण तो ओंडक्यावर उभा राहून पंखांनी हवा झोडपणारा रफ्ड ग्राउज असतो.

पाचवा प्रकार तळी, आणि त्याबद्दल पुढे सविस्तर.

पाचवी पायरी: पहाटेची फेरी

जूनच्या मध्यास ईलीत सूर्य सव्वापाचच्या आत उगवतो आणि पक्षी त्याच्या तासभर आधी गाऊ लागतात. घरून आठला निघून 'पक्षी पाहून येऊ' म्हणणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही. आदल्या दिवशी दुपारी एक वनरस्ता निवडावा, त्यावर वरीलपैकी किमान तीन प्रकारच्या जागा हेरून ठेवाव्यात आणि पहाटे त्याच क्रमाने थांबत जावे. प्रत्येक थांब्यावर मोटार पूर्ण कडेला घ्यावी, इंजिन बंद करावे, दार आपटू नये आणि पंधरा मिनिटे जागचे हलू नये. पहिली पाच मिनिटे बहुधा काहीच दिसत नाही, आणि नेमक्या त्याच वेळी बहुतेक जण पुढे निघतात. लाकूड वाहणारे अवजड ट्रक या रस्त्यांवरून वेगाने येतात, हे मुलांना आधी सांगून ठेवावे.

साधनांविषयी थोडक्यात. ८ × ४२ ची दुर्बीण पुरे. आठ म्हणजे आठपट मोठे दिसणे आणि बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधील व्यास. यापेक्षा अधिक शक्तीच्या दुर्बिणीत हात थरथरतो आणि जवळच्या झाडीत पक्षी सापडत नाही. कॉर्नेल पक्षिविज्ञान प्रयोगशाळेचे मर्लिन हे ॲप आवाजावरून जात सुचवते, पण वनात मोबाइलचे जाळे बहुतेक ठिकाणी नसते, त्यामुळे त्या प्रदेशाची माहिती घरीच उतरवून घ्यावी. नकाशांचेही तसेच. मर्लिनने नाव सुचवले म्हणजे पक्षी नोंदवला असे मानू नये. आवाजाच्या दिशेला दुर्बीण लावून खात्री करावी. ध्वनिमुद्रण वाजवून पक्षी बोलावण्याचा मोहही टाळावा. विणीच्या काळात नर आपली हद्द सोडून त्या खोट्या प्रतिस्पर्ध्यामागे धावतो आणि त्याचा घरट्याकडचा वेळ वाया जातो.

आवाज शिकण्याची सुरुवात व्हाइट-थ्रोटेड स्पॅरोपासून करावी. दोन लांब, स्वच्छ शिळा आणि पुढे थरथरत्या शिळांचे तीनचार तुकडे, असे त्याचे गाणे वनाच्या प्रत्येक कोपऱ्यात ऐकू येते. ते ओळखता आले, की उरलेल्या कोलाहलातून नवे आवाज वेगळे काढणे सोपे जाते.

सहावी पायरी: तळ्यावर, लूनच्या सहवासात

लून हा बुडी मारणारा पाणपक्षी १९६१ पासून मिनेसोटाचा राज्यपक्षी आहे. काळे डोके, लाल डोळा, पाठीवर पांढऱ्या चौकटींची नक्षी, आणि शरीर पाण्यात अर्धे बुडालेले. बर्फ वितळताच एप्रिलच्या अखेरीस ते तळ्यांवर परततात. पोहणे आणि बुडी मारणे यांसाठी त्याचे पाय शरीराच्या इतके मागे आहेत, की जमिनीवर त्याला धड चालता येत नाही. त्यामुळे घरटे पाण्याच्या अगदी कडेला असते आणि मोटारबोटीच्या लाटेनेही अंडी वाहून जाऊ शकतात.

त्याचे आवाज चार प्रकारचे आहेत आणि त्यांचे अर्थ माहीत असणे नाव चालवणाऱ्यास उपयोगी पडते. लांब, लांडग्याच्या हाकेसारखा सूर म्हणजे जोडीदाराला दिलेली साद. रात्री ऐकू येते ती बहुधा हीच. वेडसर हसण्यासारखा कापरा आवाज हा धोक्याचा इशारा आहे. चढउतारांचे दीर्घ गाणे फक्त नर हद्दीसाठी गातो, आणि लहानसा हुंकार कुटुंबात आपसांत असतो. आपल्या नावेकडे पाहून कापरा आवाज सुरू झाला, तर आपण फार जवळ आलो आहोत. पक्षी पाण्यावर उभा राहून छाती पुढे काढतो, पंख फडफडवतो, तेव्हा लोक 'नाचतोय बघा' म्हणून आणखी जवळ जातात. प्रत्यक्षात तो जिवाच्या आकांताने पिल्लांपासून आपल्याला दूर नेऊ पाहत असतो. घरट्यावर मान पाण्यालगत सपाट करून बसलेला पक्षीही घाबरलेलाच असतो. अशा वेळी वल्हे उलटे मारून निमूट मागे फिरावे आणि किमान साठ मीटर अंतर राखावे. जूनच्या अखेरीस पाठीवर बसलेली काळपट पिल्ले पाहायची असतील, तर काठावर बसून दुर्बिणीतूनच पाहावीत.

मासेमारीचा परवाना राज्याकडून घ्यावा आणि गळाला शिशाचे वजन लावू नये. असे वजन गिळून लून विषबाधेने मरतात. नावेत प्रत्येकासाठी जीवरक्षक जाकीट असणे बंधनकारक आहे आणि दहा वर्षांखालील मुलांनी ते अंगात घालणे सक्तीचे आहे. मे महिन्यात पाणी इतके थंड असते, की पट्टीच्या पोहणाऱ्याचेही हातपाय काही मिनिटांत काम करेनासे होतात, म्हणून मोठ्यांनीही ते घालूनच बसावे.

सातवी पायरी: अंगाची आणि अन्नाची काळजी

फिक्या रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे, विजारीची टोके मोज्यांत खोचलेली आणि डोक्यावर जाळीची टोपी, असा वेष विनोदी दिसला तरी जूनमध्ये तोच टिकतो. हरणांवरील बारीक गोचिडींमुळे लाइम रोग होतो. रोज संध्याकाळी गुडघ्यामागे, काखेत, केसांत आणि मुलांच्या कानांमागे तपासावे. तळ्याचे पाणी स्वच्छ दिसले तरी उकळून किंवा गाळणीयंत्रातून काढूनच प्यावे.

काळ्या अस्वलांना आपल्या चकल्या आणि लसणाच्या चटणीचा वास मैलभरावरून येतो असे समजूनच वागावे. तंबूत खाण्याचा कणही ठेवू नये. अन्न अस्वलरोधक डब्यात ठेवावे, किंवा जमिनीपासून बारा फूट उंच आणि खोडापासून सहा फूट दूर टांगावे. टूथपेस्ट आणि साबणही त्यातच जावेत.

सापडलेले पीस घरी नेण्याची सवय येथे सोडावी लागते. स्थलांतरित पक्ष्यांसंबंधीच्या १९१८ च्या कायद्यानुसार बहुतेक सर्व देशी पक्ष्यांची पिसे, घरटी आणि अंडी बाळगणे हा गुन्हा आहे, आणि गरुडाच्या पिसाबाबत तर कायदा आणखी कडक आहे. मुलांना छायाचित्रावर समाधान मानू द्यावे. जुलै-ऑगस्टमध्ये उघड्या खडकांवर पिकलेल्या ब्लूबेरी घरी खाण्यापुरत्या तोडायला मात्र हरकत नसते.

आठवी पायरी: हिवाळ्यात यायचे असल्यास

या वनालगतच्या टॉवर गावी २ फेब्रुवारी १९९६ रोजी उणे ६० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे उणे ५१ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. राज्यातील तो नीचांक आहे. नेहमीची थंडी एवढी नसली, तरी मोटारीत रजई, फावडे, मेणबत्ती, काडेपेटी आणि खाणे ठेवावे, टाकी अर्ध्याखाली येऊ देऊ नये आणि कोणत्या रस्त्याने जाऊन किती वाजता परतणार, हे मागे कोणाला तरी लिहून द्यावे.

हिवाळ्यात लोक येतात ते मुख्यतः ग्रेट ग्रे आउल या प्रचंड करड्या घुबडासाठी. पहाटे आणि संध्याकाळी ते रस्त्याकाठच्या खांबावर किंवा टॅमरॅकच्या शेंड्यावर बसून बर्फाखालच्या उंदरांची चाहूल घेते. घुबड दिसल्यास मोटारीतच राहावे आणि त्याने आपल्याकडे पाहून मान ताणली तर मागे सरावे. छायाचित्रासाठी उंदीर सोडून त्याला रस्त्यावर उतरवणाऱ्यांच्या गटात सामील होऊ नये, कारण रस्त्याला सरावलेले घुबड पुढे मोटारींखाली सापडते. ईबर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद अवश्य करावी, पण घुबडाची नेमकी जागा त्याच दिवशी व्हॉट्सॲपच्या गटांवर टाकू नये. पक्षी तेथून हलल्यावर, काही दिवसांनी टाकली तरी चालते.